तांब्याच्या पत्र्यावर बसकण मारलेली गाय

डच चित्रकार पाउलुस पॉटरने १६५० साली गुरांची आठ एचिंग्ज केली, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने रेषा खाऊ देऊन कागदावर काढलेले छाप. प्रत्येक चित्र जेमतेम पोस्टकार्डाएवढं. कुठे गाय उभी आहे, कुठे चरते आहे, कुठे बसली आहे. बसलेल्या गुरांच्या चित्रात घडत काहीच नाही, तरी नजर तिथून लवकर हटत नाही. असं का होतं ते पाहायचं असेल, तर गायीचं तोंड आणि शिंगं क्षणभर सोडून द्या आणि पोट गवताला टेकतं ती जागा बघा. तिथे रेषा दाट आणि काळ्या आहेत. वर बरगड्यांकडे त्या बारीक होत जातात आणि पाठीच्या कडेला जवळजवळ संपतात. तिथे कोरा कागदच उन्हाचं काम करतो. काही क्विंटलचं जनावर जमिनीवर टेकलं आहे, हे त्या खालच्या काळ्या रेषा सांगतात. आणि त्या काळ्या झाल्या त्या हाताच्या जोराने नव्हे. त्या तेजाबात जास्त वेळ राहिल्या, म्हणून काळ्या झाल्या.

डच कलाकारांना गुरांचं एवढं वेड का, याचं उत्तर बरंचसं जमिनीत आहे. हॉलंडची जमीन सखल, ओली आणि दलदलीची. समुद्र आणि तळी मागे हटवून, पवनचक्क्यांनी पाणी उपसून जमीन काढायची. बेमस्टरचं तळं असंच १६१२ साली कोरडं केलं गेलं. अशा ओल्या मातीत धान्यापेक्षा गवत चांगलं येतं. त्यामुळे धान्य बाल्टिक समुद्राकडून जहाजाने यायचं आणि इथल्या कुरणांतून लोणी आणि चीज बाहेर जायचं. गाय ही तिथली रोकड होती. शहरातल्या व्यापाऱ्याला तिचं चित्र भिंतीवर हवं असायचं, आणि ज्याला तैलचित्र परवडत नसे तो कागदावरचा छाप घेऊन चिकटवहीत लावायचा. चित्रकारही हे छाप विकत घेत, कारण आपल्या मोठ्या चित्रात एखादी गाय बसवायची झाली की नमुना हाताशी असे.

या छोट्या प्राणी-मालिकांची वाट रोममधून आली. हार्लेमचा पीटर व्हान लार तिथे राहत होता आणि १६३६ साली त्याने तिथेच जनावरांची आठ एचिंग्ज छापून काढली. पुढच्या पिढीतले पॉटर, निकोलास बेरखेम, कारेल दुजार्दां आणि आद्रियान व्हान डे व्हेल्डे यांनी हा साचा उचलला. बेरखेमच्या एका मालिकेचं लॅटिन शीर्षक फारच नेमकं आहे. त्याचा अर्थ असा: जिवंत पाहून रेखाटलेली आणि तेजाबाने तांब्यात उतरवलेली जनावरं. विषय आणि कृती दोन्ही एका ओळीत आली. ‘जिवंत पाहून’ म्हणजे तांब्याचा पत्रा घेऊन कुरणात बसला असं मात्र नाही. कुरणात कागदावर खडूने अभ्यास व्हायचा, पत्र्याचं काम घरी.

बसलेलं जनावरच का, याला अगदी व्यवहारी कारण आहे. चरणारी गाय सारखी पुढे सरकते. चार पायांपैकी एक तरी पाय दर क्षणी जागा बदलतो. बसून रवंथ करणारी गाय अर्धा तास तशीच बसते. हलतो तो फक्त जबडा, कान आणि शेपटीचा गोंडा. दिवसातले दहा-बारा तास ती बसूनच काढते, म्हणजे चित्रकाराला हवी तेवढी संधी. दुसरं असं की बसलेल्या जनावराचं पोट एका बाजूला ओघळतं, कातडी ताणली जाते आणि आतली हाडं वर येतात. शरीररचना शिकायला यापेक्षा चांगलं काही नाही.

गाय बसते कशी, हे माहीत असलं की चित्र खरं आहे की ठोकून दिलंय ते लगेच कळतं. ती आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचा भाग एका कुशीवर सोडते. बसल्यावर पुढचे पाय छातीखाली दुमडलेले, एखादा कधी पुढे पसरलेला. मागचा एक पाय अंगाखाली आणि दुसरा बाजूला बाहेर, त्यामुळे त्याचा खूर आणि घोटा दिसतो. उठताना ती मागून आधी उठते, घोडा पुढून. पॉटरला हा फरक पक्का ठाऊक होता. कमअस्सल नकलांमध्ये मागचे दोन्ही पाय पोटाखाली गायब होतात आणि गाय बोटीसारखी गवतावर तरंगते.

आपल्याकडच्या वाचकाला या गायी थोड्या परक्या वाटतात, त्याचंही कारण आहे. त्यांना वशिंड नाही आणि गळ्याखालची पोळी आखूड आहे. खिल्लार किंवा डांगी जनावर काढताना वशिंड आणि पोळी या दोन वळणांवर अर्धं चित्र उभं राहतं. युरोपी गायीची पाठ मात्र जवळजवळ सपाट, म्हणून सगळा भार खुब्याच्या वर आलेल्या हाडांवर आणि शेपटीच्या मुळावर पडतो. तिथली एक रेषा चुकली की गायीची गादी होते. आणखी एक: डच गाय म्हटलं की आज काळी-पांढरी डोळ्यांपुढे येते, पण सतराव्या शतकात तपकिरी, तांबड्या, करड्या आणि बांड्या अशा सगळ्या रंगांच्या गायी तिथे होत्या.

आता पत्र्याकडे येऊ. मराठीत एचिंगला अम्लरेखन म्हणतात आणि शब्द चपखल आहे. तांब्याचा साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यायचा. त्याच्या कडा कानशीने ४५ अंशांत उतरत्या करायच्या. ही पायरी कंटाळवाणी म्हणून टाळली जाते आणि मग छापताना धारदार कड ओला कागद फाडते, प्रेसचं महागडं फेल्टही कापते. पुढे पत्रा चॉक पावडर आणि थोड्या अमोनियाने घासायचा. पाणी ओतल्यावर ते एकसंध पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन आकसलं तर बोटांचं तेल अजून शिल्लक आहे. तेल राहिलेल्या जागी लेप धरत नाही आणि नंतर नेमका तिथूनच सुटतो.

हा लेप म्हणजे ग्राउंड. मेण, राळ आणि अस्फाल्टम (डांबरासारखा पदार्थ) एकत्र वितळवून तो करतात. आज सर्रास वापरलं जाणारं प्रमाण दोन भाग मधमाशांचं मेण, दोन भाग अस्फाल्टम आणि एक भाग राळ असं आहे. रेम्ब्राँटच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या कृतीत दोन भाग पांढरं मेण, एक भाग मस्तकी (एका झाडाची राळ) आणि एक भाग अस्फाल्टम येतं. यातलं मेणाचं प्रमाण बघा. रेषेचा स्वभाव तिथे ठरतो. आजच्या फ्रान्समधल्या नान्सीचा जॅक कॅलो कडक, वार्निशासारखा लेप वापरायचा आणि अब्राहम बॉसने १६४५ च्या पुस्तकात त्याचीच भलावण केली, कारण त्यावर तांब्यात ब्युरिनने, म्हणजे टोकदार कोरणीने, खोदल्यासारखी शिस्तशीर रेषा येते. मऊ मेणावर सुई कागदावरच्या पेन्सिलीसारखी फिरते, वळते, थबकते. गायीच्या अंगावरचे केस काढायला हीच सैल रेषा लागते.

गरम पत्र्यावर ग्राउंड लावून कातडी किंवा रेशमी बोळ्याने थापायचा, पातळ आणि सारखा. मग पत्रा उलटा धरून खाली मेणबत्त्यांची जुडी फिरवायची. काजळी मेणात मुरते आणि पृष्ठभाग काळाभोर, चकचकीत होतो. चकाकी गेली आणि काळा मंद दिसू लागला तर ज्योत एका जागी थांबली आणि मेण जळलं, असं समजायचं. जळलेला लेप सुईखाली खपल्यांनी निघतो. तो पुसून पहिल्यापासून करणं बरं. दुरुस्तीच्या नादात दुप्पट वेळ जातो.

चित्र पत्र्यावर उतरवताना एक गोष्ट विसरून चालत नाही: छाप उलटा येतो. डावीकडे तोंड करून बसलेली गाय हवी असेल तर पत्र्यावर ती उजवीकडे बसवायची. सही आणि सालही उलटं लिहायचं. जुन्या छापांमध्ये एखादा आकडा उलटा राहून गेलेला दिसतो, तो याच गडबडीतला.

सुईने फक्त मेण खरवडायचं, तांबं खोदायचं नाही. हे नवशिक्याला सगळ्यात उशिरा पटतं. काळी रेषा हवी म्हणून तो सुई दाबतो, पण दाबल्याने काळेपणा येत नाही. सगळ्या रेषा जवळजवळ सारख्याच दाबाने काढायच्या. कोणती किती काळी, ते तेजाबावर सोपवायचं.

सतराव्या शतकातले डच लोक नायट्रिक आम्लाला ‘स्टेर्क वाटर’ म्हणत, म्हणजे जहाल पाणी. ते तांबं खाताना बुडबुडे येतात. रेषांवर बसलेले बुडबुडे पक्ष्याच्या पिसाने हलकेच बाजूला सारावे लागतात, नाहीतर त्यांच्याखाली तांबं कमी खाल्लं जातं आणि रेषा तुटक येते. वर निघणारा तपकिरी धूर फुप्फुसांना घातक असतो. म्हणून आज बऱ्याच स्टुडिओंमध्ये फेरिक क्लोराईड वापरतात, साधारण ४० ते ४२ बॉमे (द्रावणाच्या दाटपणाचं माप) तीव्रतेचं. त्यात बुडबुडे येत नाहीत, पण गाळ बनतो आणि रेषेत साचून पुढचं खाणं अडवतो. त्यामुळे पत्रा उपडा, खाली छोटे आधार देऊन ठेवायचा. जाता जाता एक गंमत: हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेट यांच्या मिश्रणाला स्टुडिओत ‘डच मॉर्डंट’ म्हणतात. पण ते एकोणिसाव्या शतकातलं. पॉटर किंवा बेरखेमने त्यात कधी हात बुडवला नाही.

गायीचं वजन पत्र्यावर येतं ते या पुढच्या पायरीत. सगळं चित्र एकदम तेजाबात ठेवून चालत नाही, टप्पे करावे लागतात. फेरिक क्लोराईडमध्ये २५ अंशांच्या आसपास तीन-चार मिनिटांत अगदी बारीक, करडी रेषा मिळते. पत्रा काढून धुवायचा, वाळवायचा आणि दूरचं क्षितिज, ढग, गायीच्या पाठीवरचे केस यांवर स्टॉप-आउट वार्निश लावून त्या रेषा बंद करायच्या. पत्रा परत आत जातो. दहा-बारा मिनिटांनी बरगड्यांवरची आणि मानेची छटा पुरेशी झाली की ती झाकायची. शेवटी उघडी राहते ती फक्त पोटाखालची सावली, दुमडलेल्या पायांमधली फट आणि जवळच्या गवताचे बुंधे. ते अर्धा तास किंवा जास्तही राहू द्यायचं. ही वेळ तापमानावर आणि द्रावण किती जुनं आहे त्यावर खूप बदलते. म्हणून आधी तांब्याच्या वाया गेलेल्या पट्टीवर दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस मिनिटांच्या रेषा करून छापून बघाव्यात. मुंबई-कोकणातल्या मे महिन्यात हेच द्रावण बरंच घाईने खातं आणि मेणही मऊ पडतं. तिथे थंड देशातल्या पुस्तकांतला वेळ जसाच्या तसा घेतला की पाठीवरचे केस काट्यांसारखे उभे राहतात.

चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. पोटाखाली सावली दाट हवी म्हणून रेषा अगदी जवळजवळ आणि आडव्या-उभ्या काढल्या, तर त्यांच्यामधलं मेण इतकं निमुळतं राहतं की तेजाब त्याखाली शिरून ते उचलून टाकतं. मग रेषांऐवजी उथळ खळगा तयार होतो. त्याच्या कडा शाई धरतात, मधला भाग पुसला जातो आणि जिथे सगळ्यात काळं हवं नेमकं तिथे करडा डाग येतो. पोट जमिनीवरून उचलल्यासारखं दिसतं. उपाय दोन. रेषा थोड्या लांब ठेवून खोल खाऊ द्यायच्या, किंवा पहिला छाप बघून ब्युरिनने किंवा थेट तांब्यावर ओरखडणाऱ्या ड्रायपॉइंट सुईने नंतर दाटी करायची. दुसरी नेहमीची चूक फाउल बाइटिंगची, म्हणजे लेपाला सूक्ष्म छिद्रं पडून नको तिथे ठिपके खाल्ले जाणं. आकाशात ते पडले तर एक वेळ माशा म्हणून खपतील; गायीच्या उजळ कुशीवर पडले तर ती खरूज झाल्यासारखी दिसते. तो भाग स्क्रेपरने खरवडून बर्निशरने घासून गुळगुळीत करावा लागतो.

छापताना शाई पूर्ण पत्र्यावर घासून रेषांत भरतात, मग खळ असलेल्या जाळीदार कापडाने गोलगोल फिरवत वरची पुसतात आणि शेवटी तळहाताने. जवसाचं उकळलेलं तेल आणि काजळीसारखं काळं रंगद्रव्य, एवढीच शाई. कागद ओलसर लागतो, पण वरून चकाकणारं पाणी नको. टिपकागदात दाबून तेवढं काढून घ्यायचं. कोरडा कागद रेषांत उतरत नाही, जास्त ओला असला तर शाई धरत नाही. प्रेसच्या रुळांखालून गेला की कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो. त्याला प्लेटमार्क म्हणतात.

ही सगळी कृती प्रत्येकाने आपापल्या हाताने वापरली आणि गुरांच्या अंगावर ते ओळखू येतं. पॉटर केसांच्या दिशेने आखूड रेषा टाकतो. कपाळावरचा भोवरा, मानेजवळ उलटे फिरलेले केस, खुब्याच्या हाडावर ताणलेली कातडी, सगळं त्या रेषांच्या वळणात. काही चित्रांत तो इतका कसोशीने काम करतो की जनावर कोरड्या मातीतून घडवल्यासारखं वाटतं. बेरखेम याच्या उलट. ‘तीन बसलेल्या गायी’मध्ये त्याची रेषा थरथरते, वळवळते, त्याला गायीपेक्षा तिच्यावर पडलेलं इटालियन ऊन जास्त आवडतं. दुजार्दां नीटनेटका, भरपूर पांढरं सोडणारा. पण लोकर बघायची तर आद्रियान व्हान डे व्हेल्डे. १६७० साली केलेल्या एका एचिंगमध्ये झाडाच्या बुंध्याशी एक गाय आणि दोन मेंढ्या आहेत. हे करताना तो तिशीच्या मध्यावर होता आणि दोनच वर्षांनी गेला. आखूड फटके आणि ठिपके इतके हलके आहेत की मेंढीची कड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते बोट ठेवून सांगता येत नाही. आमच्या मते या सगळ्या प्रकारातलं हेच सर्वोत्तम काम. पॉटरचं नाव मोठं आहे ते बरंचसं हेगच्या मॉरित्सहाउसमधल्या १६४७ च्या त्याच्या प्रचंड वळूमुळे.

एकाच पत्र्यावर पुन्हा काम झालं की छापाची नवी अवस्था होते. संग्राहक तिला ‘स्टेट’ म्हणतात. पॉटरचं ‘गुराखी’ हे एचिंग याचं चांगलं उदाहरण. १६४३ साली, अठराव्या वर्षाच्या आसपास, त्याने ते केलं आणि नंतर पत्रा कापून लहान केला व त्यावर १६४९ साल घातलं. व्हिएन्नाच्या आडाम बार्चने १८०३ पासून छापलेल्या त्याच्या सूचीत अशा चित्रांना क्रमांक दिले, ते आजही लिलावांत आणि संग्रहालयांत चालतात. छापाच्या तळाशी नावापुढे ‘फेचित’ असलं तर हे ज्याने केलं तो, ‘इन्व्हेनित’ असलं तर ज्याची कल्पना तो, आणि ‘एक्सकुदित’ असलं तर ज्याने प्रकाशित केलं तो. अॅम्स्टरडॅमच्या क्लेमेंट डे यॉन्गेचं नाव या शेवटच्या जागी बेरखेमच्या मालिकेवर सापडतं. हा तोच गृहस्थ, ज्याचं चित्र रेम्ब्राँटने १६५१ साली एचिंगमध्ये केलं.

बाजारात यातलं काही हाती आलं तर आधी भिंग घ्या. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पुस्तकातलं पान. रेषा किंचित उठलेली, बोटाला जाणवेलशी असली आणि प्लेटमार्क खरा असला तर पुढे जायला हरकत नाही. पण एकोणिसाव्या शतकात फोटोवरून पत्रा खाऊन केलेल्या उत्तम प्रतिकृतीही याच कसोट्यांना उतरतात. म्हणून कागद प्रकाशासमोर धरायचा. सतराव्या शतकातल्या हातकागदात जवळजवळ बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या रेघा दिसतात. नशिबात असेल तर विदूषकाच्या टोपीचं किंवा अॅम्स्टरडॅमच्या मुद्रेचं जलचिन्ह. तुलना करायला अॅम्स्टरडॅमच्या रेक्सम्युझियमने आपल्या संग्रहातल्या छापांचे मोठे फोटो संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. आपल्या हातातली रेषा आणि तिथली रेषा शेजारी शेजारी लावून पाहा.

पत्रा कलाकाराबरोबर मरत नाही. तो विकला जातो आणि शंभर वर्षांनीही छापला जातो. दर वेळी पुसताना आणि रुळाखालून जाताना तांबं थोडं झिजतं. आधी जातात मेंढीच्या पाठीवरचे ठिपके. मग गायीच्या कुशीवरचे केस, म्हणजे जे तीन-चार मिनिटंच तेजाबात होते. उशिराच्या छापात गाय टक्कल पडल्यासारखी पांढरी दिसते आणि क्षितिज नाहीसं झालेलं असतं. एखादा प्रकाशक मग जाड हाताने रेषा परत खोदतो आणि ती गाय लाकडी होते. पोटाखालची ती अर्ध्या तासाची सावली मात्र सगळ्यात शेवटी जाते.